पदवी प्रकल्प : सायकलीचे पोस्टर करावे की सायकलीचे कॅरिअर?

शाईचा_डाग (प्रश्न)

नमस्कार. मी बडोद्यात डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतिम प्रकल्पासाठी आम्हाला चौदा आठवडे मिळतात आणि यंदा सर्वांना मिळून एकच विषय दिला आहे : हवामानबदलाची जाणीव आणि रोजच्या वापरातली सायकल. विषय हाती आला तेव्हा तो मला सोपा वाटला. पहिल्या दोन आठवड्यांत मी सहा पोस्टरे केली. वितळणारा पृथ्वीगोल, तडे गेलेली जमीन, चाकाच्या जागी हिरवे पान, अशी. मार्गदर्शक सरांनी ती भिंतीवर लावायला सांगितली, थोडा वेळ पाहिली आणि एवढेच विचारले की ही पाहून उद्या सकाळी तुमच्यापैकी कोण सायकल बाहेर काढणार आहे. एकही हात वर झाला नाही. माझाही झाला नाही, कारण मी स्वतः मांजलपूरहून रोज स्कूटरने येते.

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीच्या वसतिगृहामागच्या सायकल स्टँडवर जाऊन उभी राहिले. पत्र्याखाली एकवीस सायकली होत्या आणि त्यांपैकी चौदांच्या टायरांत हवाच नव्हती. एकीच्या पुढच्या टोपलीत कडुनिंबाचा वाळलेला पाला इतका साठला होता की त्यात कबुतराने अंडे घातले होते. मालकिणींना विचारले तर बहुतेकींनी "पंक्चर झाली आणि मग राहूनच गेले" असे सांगितले. हवामानाविषयी त्यांच्यापैकी कोणी अजाण आहे असे मला तरी वाटले नाही.

माझी स्वतःची अडचण आणखी वेगळी आहे. आम्हाला आठवड्यातून दोनदा इंपीरियल कागद, म्हणजे २२ बाय ३० इंचांचा, सपाट न्यावा लागतो. गुंडाळी केली तर जाड थराचे जलरंगाचे काम तडकू शकते. पाठीवर पोर्टफोलिओ अडकवून एकदा मैत्रिणीची सायकल चालवून पाहिली, तर काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर वाऱ्याने मला अक्षरशः शिडासारखे ढकलले.

म्हणून विचारते : जाणीव आणि वापर या दोन्ही गोष्टी एकाच प्रकल्पात बसवाव्यात की एक सोडून द्यावी? आणि वापराचेच करायचे ठरले, तर कागद नेण्याचे कॅरिअर हा पदवीच्या तोडीचा विषय होईल का, की तो फारच किरकोळ आहे?

छर्रा_आणि_कोन

मुली, किरकोळ कशाला म्हणतेस? मी रावपुऱ्यातून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षे सायकलने गेलो, त्यातली शेवटची अकरा टूलरूमचा फोरमन म्हणून, आणि एवढ्या काळात मला धड कॅरिअर एकही मिळाले नाही. बाजारात मिळते ते सळईचे कॅरिअर डब्यापुरते असते. त्यावर पंधरा-वीस किलो लादले की त्याचे खालचे पाय आसाच्या नटापाशी वाकतात आणि वजन आसाच्या मागे गेले की पुढचे चाक हलके होऊन हँडल हातात राहत नाही.

आता तुझ्या कागदाचे गणित मांडून पाहू. काळी २८ इंची सायकल घेतली तर मागचा आस जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर येतो आणि कॅरिअरची पाटी ७५ सेंटिमीटरच्या आसपास. तुझा कागद आडवा धरून चाकाच्या बाजूला लटकवला, तर त्याची उंची ५६ सेंटिमीटर भरते. म्हणजे खाली १९ सेंटिमीटर मोकळे राहतात, तेवढे पुरतात. अडचण लांबीची आहे. पॅडल मागे येते तेव्हा टाच क्रँकच्या, म्हणजे पॅडल ज्याभोवती फिरतात त्या भागाच्या, मध्यापासून सुमारे ३६ सेंटिमीटर मागे असते आणि मधल्या क्रँकपासून मागच्या आसापर्यंत या जुन्या सायकलींत ४७-४८ सेंटिमीटर असतात. म्हणजे पोर्टफोलिओची पुढची कड आसाच्या पुढे फार तर दहा सेंटिमीटर आणता येईल, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टाच त्यावर आपटेल. कागद ७६ सेंटिमीटर लांब, त्यातले ६६ आसाच्या मागे; चाक मात्र ३५ वरच संपते. उरलेले तीस-एक सेंटिमीटर शेपटीसारखे बाहेर राहणार आणि गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागणार.

यावरचा उपाय मी सांगणार नाही, तो तुझा प्रकल्प आहे. फक्त एवढे कर की आधी रद्दी पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा तुकडा कापून, सुतळीने बांधून, मांडवीपासून रावपुऱ्याच्या टोकापर्यंत सकाळी अकरा वाजता चालवून ये. तिरका बांधून पाहा, उभा बांधून पाहा, मागे झुकवून पाहा. कॉम्प्युटरवरचे चित्र नंतर.

आणि त्या चौदा सायकलींविषयी. त्यांतल्या किती खरोखर पंक्चर आहेत, हे कुणी पाहिले आहे का? आपल्याकडच्या साध्या सायकलीच्या वॉल्व्हमध्ये एक बोटभरही नसलेली रबरी नळी असते. सायकल उन्हात पडून राहिली की ती नळी सुकते, चिरते आणि हवा हळूहळू निघून जाते. लोक समजतात ट्यूब गेली. हवा भर, वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लाव आणि बुडबुडा येतो का बघ. आला तर दोन-चार रुपयांच्या नळीचे काम आहे. वर्षभर सायकल मोडीत पडण्याचे कारण एवढेसे असते.

रेखाटनवही

मी उपयोजित कला शिकवते, त्यामुळे पोस्टराची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहीत आहे. तुमच्या सरांचा प्रश्न योग्यच होता, परंतु त्यावरून जाणीव निर्माण करणारे दृश्य काम निरुपयोगी ठरते, असे मी मानत नाही. तुमची पोस्टरे फसली ती पोस्टर असल्यामुळे नव्हे. वितळणारा गोल आणि हिरवे पान ही चित्रे डोळ्यांना इतकी सरावाची झाली आहेत की ती पाहताना काहीच पाहिले जात नाही, म्हणून फसली. रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये केलेल्या तापमानाच्या पट्ट्या काढून पाहा. एकेका वर्षाला एकेक उभी पट्टी, थंड वर्षाला निळी, उष्ण वर्षाला तांबडी. अक्षर नाही, आकडा नाही, अक्ष नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेतील कर्बवायूचा आलेखही असाच आहे. १९५८ मध्ये तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भागांपासून सुरू होतो आणि आज ४२० च्या वर गेलेला आहे. दरवर्षी एकदा खाली उतरून पुन्हा वर चढणारी ती करवतीसारखी रेष पृथ्वीचा श्वास दाखवते, असे मी वर्गात सांगते आणि तेवढ्यापुरता वर्ग शांत होतो.

पण बडोद्याच्या विद्यार्थिनीने मौना लोआला जाण्याची गरज नाही. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या पलीकडे गेली. पाणी आमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते, हे इथल्या प्रत्येक घरात आजही सांगता येते. आमच्याकडे २०२४ ला पाचवी होती आणि शेजारच्या काकूंनी ती खडूने रेघ मारून ठेवली होती, ती पुढे गेरूची झाली. ही रेघ हेच आपले हवामानाचे चित्र आहे.

इथे मात्र सावध राहा. एकाच पुराकडे बोट दाखवून "हे तुमच्या स्कूटरमुळे झाले" असे लिहिणे खोटे ठरेल. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे मुसळधार पावसाचा जोर वाढतो, इतके शास्त्र भक्कम आहे; पण विश्वामित्रीच्या काठची कोतरे, म्हणजे घळी, भरून तिथे बांधकामे झाली, पाण्याला पसरायला जागा उरली नाही, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही एका चित्रात मांडता आले तर मी त्याला पूर्ण गुण देईन.

आकडेमोड

मी अभियंता आहे, कलेतले मला कळत नाही. पण प्रकल्पात कर्बउत्सर्जनाचा आकडा घालणार असाल तर तो आधी तपासून घ्या, म्हणून हे लिहितो.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरमागे साधारण ५० ग्रॅम होतात. मांजलपूरहून येऊन-जाऊन बारा किलोमीटर आणि वर्षातले २५० दिवस, म्हणजे ३,००० किलोमीटर, ६६-६७ लिटर पेट्रोल आणि सुमारे १५० किलो वायू. आता दुसरी बाजू पाहा. आपल्या देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास वायू निघतो. दीड टनी एसी ताशी दीड युनिट खातो असे धरले, तर आठ तासांच्या एका रात्रीचे साडेआठ किलोच्या आत-बाहेर होतात. म्हणजे तुम्ही वर्षभर उन्हापावसात सायकल हाणून जेवढे वाचवाल, तेवढे कुणीतरी मे महिन्यातल्या अठरा रात्रींत खर्च करून टाकेल.

याचा अर्थ सायकल निरर्थक आहे असा काढू नका. अर्थ एवढाच की स्कूटरवाल्याला सायकलीवर आणण्यासाठी कर्बवायूचा आकडा हे दुबळे कारण आहे आणि हुशार श्रोता ते लगेच ओळखतो. त्याच ६६ लिटर पेट्रोलचे सध्याच्या भावाने सहा हजारांहून जास्त रुपये होतात. विद्यार्थ्याला तो आकडा ऐकू येईल. चारचाकीतून एकट्याने फिरणाऱ्याचे गणित अर्थातच निराळे निघते, परंतु तुमच्या वर्गात तसे किती असतील?

आणखी एक गोष्ट. जे रोज सायकल चालवतात त्यांच्याकडे या विषयात कुणी पाहतच नाही. पहाटे पाच-साडेपाचला मकरपुऱ्याच्या किंवा वाघोडिया रोडच्या बाजूला उभे राहा; पाळीवर जाणारे कामगार, रखवालदार, पेपरवाले यांची रांग दिसेल. त्यांच्यापैकी कुणालाही हवामानाची जाणीव करून द्यायची नाही, त्यांना ट्रकवाल्याच्या डोळ्यांना दिसायचे आहे. मागच्या मडगार्डवरचा तांबडा ठिपका चिखलाने झाकला जातो. तीच परावर्तक पट्टी पॅडलला किंवा घोट्याला लावली तर ती वरखाली हलते आणि हा सायकल चालवणारा माणूस आहे, हे लांबून ओळखू येते.

निजामपुऱ्याची

मी निजामपुऱ्यातून फतेहगंजला एका दवाखान्यात नोकरीला जाते आणि गेली सहा वर्षे सायकलनेच जाते, म्हणून इथल्या दोन गोष्टींना पुस्ती जोडते.

पंक्चर, कॅरिअर, घाम हे सगळे सोसता येते. सोसत नाही ती पोहोचल्यावरची बेइज्जती. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात दुचाकींसाठी शंभरेक जागा आखलेल्या आहेत, पण रखवालदाराने मला सांगितले, "बेन, सायकल बाहर, लारीके पास." लारीजवळ, म्हणजे बाहेरच्या हातगाडीपाशी, ठेवली तर बांधायची कशाला? दुसऱ्या एका ठिकाणी स्टँड होता, पण तो फक्त पुढचे चाक धरणारा. शेजारच्या मोटारसायकलचा धक्का लागला आणि माझी रिम आठच्या आकड्यासारखी वाकली. त्यापेक्षा पाईप उलट्या 'यू'सारखा वाकवून जमिनीत पक्का गाडला तर सायकलीची फ्रेमच त्याला टेकते आणि कुलूप फ्रेमलाच लागते. कोणताही फॅब्रिकेटर हे करून देतो. असे दोन पाईप एक-एक मीटर अंतरावर गाडले की चार सायकली राहतात आणि तेवढ्या जागेत एक मोटारही धड उभी राहत नाही.

साडीचे म्हणाल तर पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असली की काही अडत नाही. बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींना मात्र अर्धेच कव्हर असते, ते का, हे मला कुणी समजावून सांगावे. ही सायकल बनवणाऱ्याने ओढणी कधी धुतली नसावी.

उन्हाविषयी लोक फार घाबरवतात. सायकल चालत असते तोवर वारा लागतो, घाम उडतो आणि निभावते. खरा जीव जातो तो सिग्नलला. म्हणून मी मे महिन्यात सव्वा किलोमीटर लांबचा, पण झाडांखालचा रस्ता घेते आणि त्यात तीनच सिग्नल लागतात. कोणत्या रस्त्यावर सकाळी नऊला आणि दुपारी चारला सावली कुठल्या बाजूला पडते, असा एखादा नकाशा कुणी काढला तर मी तो विकत घेईन.

छर्रा_आणि_कोन

रेखाटनवही बाईंनी पुराचे काढले, म्हणून पुन्हा लिहितो. २०२४ चे पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत जे घडले ते या विषयातच बसते. स्कूटरी आणि मोटारसायकली इंजिनात पाणी शिरून बंद पडल्या होत्या आणि गॅरेजवाल्यांकडे इतकी गर्दी होती की लोक नंबर लावून घरी परतत होते. माझी सायकल दोन दिवस पाण्याखाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हब आणि मधला क्रँक खोलले, गाळ रॉकेलने धुतला, छर्रे पुसून पाहिले, दोन गंजले होते ते बदलले, नवे ग्रीस भरून कोन, म्हणजे छर्रे जागी धरणारे निमुळते नट, बसवले आणि साडेअकराला दूध आणायला गेलो. त्या आठवड्यात मी गल्लीतल्या नऊ सायकली अशा खोलून दिल्या.

दोन सूचना मात्र लिहून ठेव. पाणी असताना सायकल घालू नये. उघडे मॅनहोल दिसत नाही, भुवा, म्हणजे रस्ता खचून झालेला खड्डा, पडलेला कळत नाही, आणि आपल्या नदीत मगरी आहेत हे बाहेरच्यांना थट्टेचे वाटते, आपल्याला नाही. दुसरे म्हणजे बुडालेली सायकल नुसती पुसून ठेवू नये. वरून कोरडी दिसते, पण आत पाण्याने ग्रीस धुऊन नेलेले असते आणि महिन्याभरात कोन खडबडीत होतात. पावसाळ्यात मुलामा दिलेल्या लोखंडी रिमवर ब्रेकचा गुटकाही धरत नाही, ॲल्युमिनियमची रिम बरी. हे सर्व ज्याला हाताने करता येते, त्याला हवामानाचे निराळे व्याख्यान कशाला द्यायचे?

रेखाटनवही

काकांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, पण त्यांच्या नऊ सायकलींवरून मला एक गोष्ट सुचली. त्या स्टँडवरच्या चौदा सायकलींना प्रत्येकी एक जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा, सामानाला बांधतात तशी. तीवर हाताने तीनच ओळी असाव्यात : ही सायकल कधी थांबली, कशामुळे थांबली, पुन्हा चालू करायला काय लागले. "जुलै. वॉल्व्हची नळी. चार रुपये, दहा मिनिटे." वसतिगृहातल्या मुली त्या वाचतील, कारण सायकली त्यांच्याच आहेत. प्रदर्शनाच्या दिवशी चिठ्ठ्या दालनात आणू नका. परीक्षकांना स्टँडवर घेऊन जा. ज्या सायकली तोवर चालू झाल्या असतील त्या जागेवर नसतील आणि त्यांची चिठ्ठी रिकाम्या खांबाला लटकत असेल. त्या जागेचे पोस्टर मला आजच दिसते आहे.

रसायनशास्त्रज्ञ टी. के. गज्जर यांच्या पुढाकाराने सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, याच शहरात कलाभवन सुरू झाले तेव्हा तिथे चित्रकला आणि यंत्रकाम शेजारी-शेजारी शिकवले जाई. आता दोन्ही विद्याशाखांमध्ये रस्ता आहे आणि मुली तो ओलांडत नाहीत, असा माझा जुना तक्रारीचा सूर आहे. तो इथे आवरता घेते.

शाईचा_डाग

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी पुठ्ठा बांधून मांडवी ते रावपुरा फेरी मारली. आडव्या पुठ्ठ्याची मागची कड दोनदा रिक्षाला लागली. उभा बांधला तर वरचा भाग माझ्या पाठीला घासत होता. वरची पुढची कड सीटच्या मागे घट्ट धरून खालची बाजू मागे झुकवली तेव्हा टाच मोकळी राहिली आणि शेपटी बरीच कमी झाली, पण खड्ड्यात चाक गेले की पुठ्ठा आऱ्यांकडे वळतो. तिथे आतून काहीतरी आधार हवा आहे. वेताची चौकट करावी की पातळ सळईची, यावर अडले आहे. वेत हलका आहे, पण पावसात तो किती टिकेल हे पाहावे लागेल.

चिठ्ठ्यांचे सरांना विचारले. त्यांनी सहा पोस्टरे खाली काढायला सांगितली, म्हणजे होकारच समजते. आकडेमोड दादांचा अठरा रात्रींचा हिशेब मी प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला आहे, कारण माझ्याच घरात एसी आहे. निजामपुऱ्याच्या ताई, सावलीचा नकाशा या प्रकल्पात बसणार नाही, पण वर्गातल्या एकाने तो मागून घेतला आहे. तो तुम्हाला रस्ता विचारायला येईल.

थुंकी लावून चौदा वॉल्व्ह तपासले. नऊंना बुडबुडा आला. काका, येत्या रविवारी आठ वाजता वसतिगृहाच्या फाटकाशी याल का? रखवालदाराला सांगून ठेवले आहे.

छर्रा_आणि_कोन

येईन. वॉल्व्हच्या नळीचे अख्खे वेटोळे मी आणतो, सुटी महाग पडते. तू जुनी ट्यूब, कात्री, पाण्याचे घमेले आणि चार जुनी फडकी ठेव. सळईच घे, सहा मिलिमीटरची; वेताचे कौतुक प्रदर्शनात होते, खड्ड्यात नाही. आणि ज्या टोपलीत अंडे आहे ती सायकल पिल्लू उडेपर्यंत राहू दे.